मळवलीला समुद्र लागला

मळवली,
तुळशीचं लग्न उरकल्यावर

ती. चंपावन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कळ आली, तरी वाकलेच. साक्षीला तुमचे बंधू आहेत. ते झोपलेत, पण याच खोलीत झोपलेत.) तुमची तब्येत कशी आहे? शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपार जात नाही म्हणाला होता, ती आता जाते का? दाजींचा खोकला पावसाळ्याबरोबर गेला असेल अशी आशा करते. नसेल गेला तर ओव्याची धुरी द्या, आणि त्यांनी ऐकलं नाही तर माझं नाव सांगू नका.

इकडे सगळं बरं आहे. भात झोडून झालं. तुमच्या वाट्याचा इंद्रायणी तांदूळ कोठीत वेगळा ठेवलाय, उंदरांनी अजून ओळखलेला नाही. आमची कोमल पिंपरीत नोकरीला लागली आणि आम्हाला मराठीतून इंग्रजी बोलते. तुमच्या बंधूंचा गुडघा दुखतो, पण कामाच्या वेळेतच. रविवारी क्रिकेट बघताना तो एकदम बरा असतो. तुम्ही म्हणाल, हे सगळं फोनवर सांगायचं सोडून ही पत्र कसलं लिहीत बसली. वन्सं, फोनवर मी काही सांगायला घेतलं की तुमचे बंधू मागून दुरुस्त्या करतात. "मंगळवार न्हवता, बुधवार हुता," असं. शेवटी मूळ गोष्ट राहते आणि मंगळवार का बुधवार एवढंच तुमच्यापर्यंत पोचतं. म्हणून यंदा आमच्याकडे काय काय झालं ते कागदावर लिहिते आहे. यात तुमचाही मोठा भाग आहे, पण तो तुम्हाला एकाच बाजूनं माहीत आहे.

तर सुरुवात खोल्यांपासून झाली. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आम्ही दुसऱ्यांचे बंगले राखतोय. दुसऱ्यांच्या गाद्या उन्हात टाकायच्या, दुसऱ्यांच्या पाहुण्यांना पिठलं-भाकरी करून घालायची, आणि जाताना त्यांनी "किती शांत आहे इथं" म्हटलं की हसायचं. माझ्या मनात फार दिवस होतं की आपल्या परड्यात आपल्या दोन खोल्या बांधाव्यात, वर पत्रा न टाकता स्लॅब टाकावा, आणि पाहुणे आपले असावेत. तुमच्या बंधूंना हे पटायला वेळ लागला, पण पटलं. नकाशा काढून घेतला, अर्ज केला, आणि परवानगीच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथले साहेब कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले, "बाई, परवानगी मिळणार नाही. तुमची जागा भरतीरेषेच्या आत येते."

मी म्हटलं, साहेब, भरती कुठली, एक टोपली मुरूम टाकलेला नाही अजून. तुमच्या बंधूंना वाटलं की पोरं पोलीस भरतीसाठी मैदानात धावतात, तिथल्या चुन्याच्या रेषेचं काहीतरी असेल. ते म्हणाले, ती पोरं आमच्या परड्यात येत न्हाईत. साहेबांनी शांतपणे सांगितलं की भरती समुद्राची. मळवली हे किनाऱ्यावरचं गाव असल्याचं दिसतंय, आणि समुद्राच्या भरतीची रेषा आमच्या स्वयंपाकघरातून जाते. किनाऱ्यालगत बांधकाम करता येत नाही. वन्सं, मी त्या खिडकीतून बाहेर बघितलं. समोर डोंगर, त्याच्यामागे डोंगर. साहेबांनीही बघितलं. ते स्वतः इकडचेच आहेत. पण म्हणाले, "मला दिसतंय हो, पण मला दिसून काय उपयोग? इथं दिसायला पाहिजे." आणि पडद्यावर बोट ठेवलं. तुमच्या बंधूंनी तेवढ्यात विचारून घेतलं की भरती येते ती दिवसा का रात्री, म्हणजे तेवढी भांडी वर ठेवता येतील. (ते चेष्टा करत होते असं ते आता म्हणतात. मी शेजारी उभी होते. चेष्टा नव्हती.)

हा समुद्र आला कुठून याचा तपास मला महिनाभर पुरला. तो असा. आपल्या किनाऱ्यावर संशोधन करणाऱ्या चार संस्था आहेत. एक मुंबईची, एक पुण्याची, आणि आणखी दोन, ज्यांचे सर चहाच्या वेळेला येतात. पाणी किती तापलं, लाटा किती चढल्या, मासे किती आले, खाडीकाठची तिवरं किती तुटली, वाळू कुठून कुठे गेली, हे सगळं या चौघी आपापल्या घरी लिहून ठेवत होत्या आणि एकमेकींना दाखवत नव्हत्या. मग वरून हुकूम आला की सगळी माहिती एका जागी ठेवा, म्हणजे कुणालाही बघता येईल, आणि वादळाच्या सूचनाही त्यावरूनच गावोगाव जातील. त्याचं नाव सामायिक किनारी माहिती कोश. कल्पना वाईट नाही. पण सामाईक म्हणजे काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. (आपल्या सामाईक विहिरीवर मोटर कुणी बसवायची यावरून तुमचे काका अजून आमच्याशी बोलत नाहीत. मोटर नाहीच, विहिरीचं पाणीही आता खाली गेलंय, अबोला मात्र काठोकाठ आहे.) तर कचेरीचा कॉम्प्युटर ज्यात बघतो त्या या कोशात मळवलीच्या नावावर एक पूर्ण समुद्रकिनारा चढलेला होता, लाटांसकट.

आणि या कोशाच्या बैठका कुठे होतात म्हणाल, तर लोणावळ्याला. मुंबईच्या सरांनी पुण्याला जायचं नाही आणि पुण्याच्या सरांनी मुंबईला जायचं नाही, म्हणून मध्ये लोणावळा. दोन वर्षं समुद्राचं सगळं काम घाटमाथ्यावर धुक्यात चालू होतं. शिमग्याच्या आसपास पुढची बैठक आहे असं कळलं, तशी मी इस्त्रीची साडी नेसले, तुमच्या बंधूंना धुतलेला शर्ट घातला आणि आम्ही तक्रार घेऊन त्या हॉटेलात गेलो.

दारात राजेश्वरी मॅडम म्हणून एक बाई उभ्या होत्या. या कोशाच्या समन्वयक. म्हणजे चार सरांमध्ये काम करणाऱ्या त्या एकट्या. मी म्हटलं, आम्ही मळवलीहून आलोय, समुद्राबद्दल बोलायचंय. एवढंच बोलले, वन्सं. आतून पुण्याचे सर धावत आले. "किनारी समुदायाचे प्रतिनिधी आले!" असं त्यांनी हॉलमध्ये सांगितलं आणि सगळे उभे राहिले. कोशाच्या नियमात असं आहे की बैठकीला किनाऱ्यावरचं एक तरी माणूस हवं, आणि दोन वर्षांत एकही आलेलं नव्हतं. (कोण येणार? मासेमारी सोडून लोणावळ्याला?) माझ्या गळ्यात नावाची पट्टी अडकवली, हातात कापडी पिशवी दिली, तुमच्या बंधूंना पहिल्या रांगेत बसवलं. राजेश्वरी मॅडम मला काहीतरी सांगायला बघत होत्या, पण त्यांना कुणीतरी प्रोजेक्टरची वायर शोधायला पाठवलं.

मला विचारलं, गेल्या काही वर्षांत मासळीत काय फरक पडला? मी खरं ते सांगितलं. बाजाराच्या दिवशी कामशेतला जातो, पूर्वी पापलेट दिसायचं, आता दिसत नाही, दिसलं तर घेववत नाही. एक मुलगी भराभर टाइप करत होती. पडद्यावर उमटलं: पापलेट दुर्मीळ, समुदाय चिंतित. मग मी हात जोडून म्हटलं, "सर, माझं ऐका. आमच्याकडे समुद्र नाहीये."

मुंबईचे सर हळूच म्हणाले, "नाहीये म्हणजे... मागे गेला?"

"मागं-पुढं कुटं," तुमचे बंधू उठून म्हणाले, "न्हाईच. माज्या आज्यानंबी कधी बगितला न्हाई!"

पडद्यावर उमटलं: समुद्राची माघार, तीन पिढ्या. त्यावर मुंबईच्या आणि पुण्याच्या सरांचं जे जुंपलं ते जेवणापर्यंत. एवढी माघार झाली तर आमच्या मोजणीत कशी नाही, असं एकाचं म्हणणं. तुमची मोजणी तुम्ही दाखवली असती तर कळलं असतं, असं दुसऱ्याचं. आधी तुम्ही दाखवा, नाही आधी तुम्ही. उरलेले दोन सर जो शेवटचं बोलेल त्याला मान डोलावत होते. वन्सं, मला त्यांचा राग आला नाही. दोघंही शिकलेले, आपापल्या कामात हुशार. पण जी माहिती सगळ्यांनी वाटून घ्यायची म्हणून जमले होते, ती दोघांनी लेकी-सुनांपासून दागिने लपवावेत तशी धरून ठेवली होती. जेवण मात्र चांगलं होतं. तुमच्या बंधूंनी दोनदा गुलाबजाम घेतले आणि त्यानंतर त्यांच्या तक्रारीतला जोर गेला.

राजेश्वरी मॅडमना मी जेवताना गाठलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "ताई, मला पहिल्याच दिवशी कळलंय हे चुकलंय. मी तीन वेळा लिहून दिलंय. पण नियम असा आहे, की कोशात नोंद घालायला एका संस्थेची सही पुरते आणि नोंद काढायला चौघांची लागते. पुण्याचे सही करतात, मुंबईच्यांनी आधी केली तर. मुंबईचे करतात, पुण्याच्यांनी आधी केली तर." मी म्हटलं, मग त्यांना मळवलीला आणा. डोळ्यांनी बघतील, सही करतील.

आषाढात आले. सगळी चिखलणी चालू, खाचरं पाण्यानं भरलेली, इंद्रायणी दोन्ही काठांना चाटत चाललेली, आणि पाऊस असा की चार हातांवरचा बैल दिसू नये. दोन गाड्या रस्त्याच्या कडेला थांबल्या. सर लोक छत्र्या घेऊन बांधावर उभे राहिले, तर समोर पाणीच पाणी. ज्या दिवशी समुद्र नाही हे दाखवायचं, त्याच दिवशी आपल्याकडे एवढं पाणी असावं! नंदाबाई (शेजारच्या, तुम्हाला आठवतात ना, मोठ्यानं बोलणाऱ्या) वाकून लावणी करत होत्या. त्यांना एका सरांनी विचारलं, पाणी वर चढतं का? त्या म्हणाल्या, "चढतंय की, लय चढतंय. गेल्या साली त्या आंब्याच्या बुडापतोर आल्तं." झालं. तेवढ्यात बांधावरून खेकडे चालले होते. पुण्याच्या सरांनी बघून लगेच सांगितलं की हे गोड्या पाण्यातले, समुद्राशी यांचा संबंध नाही. हे खरंच होतं. पण पुण्याच्या सरांनी आधी सांगितलं, त्यामुळे मुंबईच्या सरांना ते मान्य करता येईना. ते म्हणाले, अभ्यास करावा लागेल. तुमच्या बंधूंना मग एक कल्पना सुचली. त्यांनी सगळ्यांना भिजत स्टेशनवर नेलं आणि पिवळ्या पाटीकडे बोट दाखवलं. तिच्यावर स्टेशनचं नाव, आणि खाली समुद्रसपाटीपासून किती मीटर उंच ते लिहिलेलं. मला एकदम त्यांचा अभिमान वाटला. मुंबईच्या सरांनी पाटी वाचली, चष्मा पुसून परत वाचली आणि म्हणाले, "बरोबर असेल. पण रेल्वे आपल्या कोशात सहभागी नाही."

तरी घरी आणून त्यांना त्याच खेकड्यांचं कालवण वाढलं. चौघंही घाम पुसत जेवले. वाटी परत पुढे करताना एकमत होतं. सही नाही झाली.

दरम्यान आमच्या फोनवर समुद्राच्या सूचना यायला लागल्या होत्या. गावाच्या नावावर नोंदलेल्या सगळ्या मोबाईलना. समुद्र खवळलेला आहे, मच्छीमारांनी जाऊ नये. आज वारा जोराचा, होड्या बांधून ठेवा. पहिल्यांदा लोक गोंधळले, मग रुळले. गावातला प्रत्येक जण आपापल्या सोयीनं ती सूचना पाळायला लागला. ज्याला खत टाकायला जायचं नाही तो म्हणे, समुद्र खवळलाय. तुमच्या बंधूंच्या गुडघ्याला तर सरकारी आधारच मिळाला. आम्ही सगळे हसत होतो, वन्सं. मीही हसत होते. ते लिहायला आता जिवावर येतं.

नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावरचा तो दिवस. दुपारी ऊन पडलं म्हणून मी खालच्या बंगल्यातल्या गाद्या बाहेर काढल्या होत्या. फोन वाजला. आज संध्याकाळपासून मळवली किनाऱ्यावर उंच लाटा, होड्या पाण्यात घालू नयेत, काठावरच्या वर ओढून घ्याव्यात. कुंपणापलीकडून नंदाबाई ओरडल्या, "सविते, आज बी होडी न्यायची न्हाई बग!" मी हसले आणि उशी झटकायला घेतली. झटकता झटकता हात थांबला. मनात आलं, ही सूचना काही कुणी बसल्या जागी रचत नाही. कुठंतरी खरा समुद्र चढतोय, तो कुणीतरी मोजलाय, आणि तो नेमका ज्या गावाला सांगायचा होता त्याऐवजी आम्हाला सांगितलाय. मग ज्यांना सांगायचा होता, ते कोण? आणि तुमच्या लग्नातली सगळ्यांची चेष्टा आठवली. मळवलीची पोर माळवली बंदराला दिली, सासरचं नाव पाठ करायला नको, एक काना वाढवला की झालं.

उशी मातीत पडली. तुम्हाला फोन लावला. तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत असेल. शांतपणे म्हणालात, "अगं, इथं लख्ख ऊन आहे. समुद्र तळ्यासारखा पडलाय. कसलीही सूचना नाही. हे जाळी भरतायत, तासाभरात निघतील." तुमचा आवाज मास्तरणीचा, मी आजवर त्याला उलट बोललेले नाही. पण त्या दिवशी ओरडले. "वन्सं, दाजींना होडीतून खाली उतरवा! सगळ्यांना सांगा! तुमची सूचना आमच्याकडे आलीय!" तेवढ्यात फोन बंद पडला. रेंज गेली की तुम्ही रागानं ठेवला ते मला कळेना. (ओरडले त्याची इथं माफी मागते. पुन्हा तसं झालं तर पुन्हा ओरडेन.)

पुढं तुमच्याकडे काय झालं ते तुम्ही जाणता. आमच्याकडे काय झालं ते सांगते. मी ओट्यावर बसले. फोन मांडीवर. लावला की लागत नव्हता. तुमचे बंधू आले, मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी एकही दुरुस्ती केली नाही. आत गेले आणि चहा करून आणला. आपल्या हातानं, वन्सं. त्यात साखर नव्हती आणि मी ते बोलले नाही. ऊन उतरलं, गुरं परत आली, नंदाबाई येऊन नुसत्या शेजारी बसल्या. दिवेलागणीला तुमचा फोन आला. होड्या सगळ्या वर घेतल्या, माणसं सगळी घरात आहेत, आणि समुद्र जाळी वाळवायच्या मैदानापर्यंत येऊन धक्क्याची भिंत घेऊन गेला. तुम्ही एवढंच सांगितलंत, आणि मग म्हणालात, "सविता, ऐकतेस ना?" मी ऐकत होते. तुमचे बंधू पदराला हात पुसत होते. माझ्या पदराला.

त्यानंतर मला खोल्यांचं काही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला राजेश्वरी मॅडमच्या ऑफिसात गेले. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं आणि त्यांचा चेहरा उतरला. एकदा यादी साफ करताना, सारखी नावं दोनदा येऊ नयेत म्हणून दोन गावं एक केलेली होती. इंग्रजीत आपल्या दोन्ही गावांच्या नावात एका अक्षराचा फरक. कुणालातरी वाटलं ती टायपिंगची चूक आहे. मग त्यातलं रेल्वेचं गाव ठेवलं आणि बंदराचं पुसलं. तुमच्या लाटा, तुमची मासळी, तुमची तिवरं, सगळं आमच्या नावावर. लग्नात तुम्ही इकडून तिकडे गेलात, आणि इतक्या वर्षांनी तुमचा अख्खा समुद्र माहेरी येऊन बसला. त्यांनी त्याच संध्याकाळी तुमच्या गावाचे फोन नंबर स्वतःच्या वहीत उतरून घेतले. म्हणाल्या, कोश दुरुस्त होईपर्यंत मी स्वतः फोन करीन. वन्सं, तुम्हाला मध्ये मध्ये एका अनोळखी बाईचे फोन येत होते आणि तुम्ही म्हणत होता की लोन विकणारी असेल, ती त्या.

गणपती विसर्जनानंतर पुढची बैठक होती. वर्षाचा अहवाल मंजूर व्हायचा होता, आणि त्याच्यावर किनारी समुदायाच्या प्रतिनिधीची सही लागते, नाहीतर पुढच्या वर्षीचं अनुदान अडकतं. म्हणजे माझी सही. हे मला राजेश्वरी मॅडमनी सांगितलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "अहवाल जाड आहे ताई, सही करण्यापूर्वी सावकाश वाचा." मी सावकाश वाचला. चार सर समोर बसलेले. चहा आला, गेला. मी पहिल्या पानावर होते. जेवणाची वेळ झाली, मी तिसऱ्या पानावर होते. शेवटी पुण्याच्या सरांनी विचारलं, काही अडचण आहे का?

मी म्हटलं, "सर, माझ्या नणंदेचा नवरा त्या दिवशी होडीत पाय ठेवणार होता. तुमच्या कोशात त्यांचं गाव नाही, माझं आहे. मी सही करते. आधी तुम्ही चौघं माझ्या या नोंद काढायच्या कागदावर करा."

मुंबईचे सर पुण्याच्या सरांकडे बघायला लागले, पुण्याचे मुंबईच्यांकडे. दोघांनाही वाईट वाटलेलं होतं, ते दिसत होतं. तरी पेन कुणी उचलेना. तुमचे बंधू मागून बोलले, "चार कागद करा की. चौघं एकाच दमात सही करा. मंग कागद फिरवा. पयला कोन, दुसरा कोन, कुनालाच कळायचं न्हाई." राजेश्वरी मॅडमनी चार प्रती काढल्या. त्या आधीच काढून ठेवलेल्या होत्या असा माझा संशय आहे. तुमच्या बंधूंनी "एक, दोन, तीन" म्हटलं आणि चार शिकलेल्या माणसांनी माना खाली घालून शाळेतल्या परीक्षेसारख्या सह्या केल्या. कागद गोल फिरले. चहा थंड व्हायच्या आत दोन वर्षांचं काम झालं. मुंबईच्या सरांनी जाताना माझ्याकडे न बघता विचारलं, "दाजी ठीक आहेत ना?" मी म्हटलं, ठीक आहेत. मग मी अहवालावर सही केली. बाकीची पानं वाचली नाहीत.

आता माळवली बंदराला आपला समुद्र परत मिळाला आहे आणि सूचना तुमच्या फोनवर यायला लागल्या असतील. त्या पाळा. दाजींना म्हणावं, ऊन असलं तरी पाळा. आमच्याकडे आता कुठलीच सूचना येत नाही आणि गावाला चुकल्यासारखं झालंय. तुमच्या बंधूंना तर काम टाळायला नवीन कारण शोधावं लागतंय. बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

तुमची,
सविता

ता. क. खोल्यांची परवानगी आली. पाया अजून खणायचाय, पण गिऱ्हाईकं आत्ताच फोन करतात. कुठल्याशा सहलीच्या ॲपनं तो कोश दुरुस्त होण्याआधीच उतरवून घेतला आणि आमच्या परड्याला "समुद्राला लागून, लोणावळ्यापासून जवळ" असं टाकलं. मी ते काढून टाका म्हणून दोनदा कळवलं. तिसऱ्यांदा कळवणार होते, पण दिवाळीच्या सुट्टीत इतकी चौकशी झाली की राहून गेलं. समुद्र कुठं आहे विचारलं तर तुमचे बंधू सांगतात, सध्या ओहोटी चालू आहे.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. कोशाच्या कामाबद्दल दक्षिणेत मोठी परिषद आहे, आणि किनारी महिला प्रतिनिधी म्हणून मला बोलावलंय. विमानानं. मी तुमचं नाव सुचवणार होते, अगदी तोंडावर आलं होतं, पण राजेश्वरी मॅडम म्हणाल्या की तिकीट माझ्या नावानं निघालंय आणि ते बदलायला चौघांची सही लागते. मी म्हटलं, नको, परत त्यांना कशाला त्रास. तिथं मला "मी आणि माझा समुद्र" यावर बोलायचं आहे. तर वन्सं, मी पुढच्या आठवड्यात चार दिवस तुमच्याकडे येते. सुट्ट्यांत बंगले सांभाळता सांभाळता तुमच्याकडे यायचं आजवर जमलंच नाही. मला सगळं दाखवा. वास कसा येतो, आवाज कसा येतो, आणि पाण्यात उतरायचं तर चपला कुठं काढायच्या. तांदूळ मीच घेऊन येईन.

ता. क. तिसरा. तुमच्या बंधूंना मी सांगितलंय की तुम्ही आजारी आहात. फोन आला तर थोडं खोका.